बर्फी! (हिंदी चित्रपट, २०१२)

बर्फी! : अनुराग बासू यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट. प्रदर्शन १४ सप्टेंबर २०१२. प्रमुख भूमिका : रणबीर कपूर (बर्फी), प्रियांका चोप्रा (झिलमिल), इलियाना डिक्रूझ (श्रुती), सौरभ शुक्ला (इन्स्पेक्टर दत्ता). छायालेखन रवी वर्मन, संगीत प्रीतम.

कर्णबधिर तरुण आणि स्वमग्न तरुणी यांची ही प्रेमकथा. अपंगत्वावरच्या हिंदी चित्रपटांत शेवटी बहुधा व्यंगावर मात होते, नाहीतर त्यापायी मोठा त्याग घडतो. ‘बर्फी!’त यातले काहीच होत नाही. नायकाला शेवटपर्यंत ऐकू येत नाही, नायिका शेवटपर्यंत स्वमग्नच राहते, आणि तरीही दोघे एकमेकांच्या सोबतीने म्हातारे होतात. चित्रपट इतक्यांच्या मनात घर करून राहिला त्याचे मूळ इथे शोधावे लागते. दार्जिलिंगचे धुके आणि छोटी आगगाडी हे त्याचे देखणेपण झाले.

कथानक : काळ मुख्यतः १९७२ ते १९७८, स्थळे दार्जिलिंग आणि कोलकाता. ड्रायव्हर असलेल्या बापाने एकट्याने वाढवलेल्या मुलाचे नाव मर्फी, रेडिओच्या जाहिरातीतल्या गुटगुटीत बाळावरून ठेवलेले. रेडिओचे नाव मिळालेल्या या मुलाला ऐकू येत नाही. स्वतःचे नाव त्याच्या तोंडून ‘बर्फी’ असे उमटते आणि तेच कायम होते. लग्न ठरलेल्या श्रुतीवर त्याचा जीव जडतो. तिचाही त्याच्यावर जडतो, पण आईच्या सांगण्यावरून ती ठरलेल्या घरी जाते. बापाच्या उपचारासाठी पैसे उभे करता करता बर्फीची गाठ झिलमिलशी पडते. श्रीमंत घरातल्या या मुलीला आजोबांखेरीज कोणी आपले मानलेले नाही. पुढे अपहरण, पोलीस, पाठलाग हा भाग येतो. तो भरपूर लांबला आहे आणि काळाच्या मागेपुढे उड्यांनी गुंतागुंतीचाही झाला आहे. कथा श्रुतीच्या आठवणींतून सांगितली जाते.

निवेदन श्रुतीकडे देणे हा पटकथेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानावा लागेल. श्रुती ऐकते, बोलते, शिकलेली आहे, चांगल्या घरात पडलेली आहे. सुखासाठी जे जे लागते असे आपण धरून चालतो, ते सगळे तिच्यापाशी आहे. सुख मात्र नाही. प्रेक्षक बर्फीच्या बाजूने हसतो-रडतो, पण उभा असतो श्रुतीच्या जागी. घरच्यांचे ऐकून, लोक काय म्हणतील म्हणून, पुढे निभेल का या धास्तीने कधीतरी कुणाचा हात सोडलेला माणूस हा चित्रपट पाहताना गप्प होतो. अपंगांची कीव करण्याची सोय हा चित्रपट ठेवत नाही. ज्याच्याविषयी हळहळ वाटावी ते पात्र धडधाकट आहे.

हात न सोडणे : ही कल्पना चित्रपटात एका खेळातून येते. बर्फी रस्त्यावरचा लाकडी दिव्याचा खांब बुडाशी कापतो आणि आपल्या माणसाचा हात धरून त्याच्याखाली उभा राहतो. खांब करकरतो, कलतो आणि दोघांच्या अगदी पुढ्यात कोसळतो. समोरच्याने हात सोडला की बर्फीला कळायचे ते कळते. झिलमिल हात सोडत नाही. ती हलतसुद्धा नाही. स्वमग्न व्यक्तींसोबत काम करणारा माणूस इथे थोडा थबकेल : तिला धोका जाणवलाच नाही, की जाणवूनही तिने हात धरून ठेवला? चित्रपट हा प्रश्न उघड करत नाही, तो थेट विश्वासाच्या बाजूने कौल देतो. त्याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण जिच्या शरीराला परक्याचा स्पर्श सोसत नाही, तिने कुणाचा हात इतका वेळ धरून ठेवणे हेच किती मोठे आहे, हे त्या क्षणी सांगावे लागत नाही.

ऐकू येणे आणि न येणे : मूकपटांच्या काळात सगळीच पात्रे हातवाऱ्यांनी बोलत. बासूंनी त्या परंपरेचा उघड आधार घेतला आहे. संवाद थोडे, धावपळ फार, आणि अकॉर्डियन व शिटीचे सूर शब्दांचे काम करतात. श्रुतीला घातलेली मागणी परत घ्यायची तर बर्फी घड्याळाच्या मनोऱ्यावर चढून काटे मागे फिरवतो. एका वाक्यात बोलून टाकण्याजोगी गोष्ट त्याला अशी अंगाने करून दाखवावी लागते, म्हणूनच ती लक्षात राहते.

ध्वनीचा सर्वांत अर्थपूर्ण वापर ‘मुस्कान’ या संस्थेच्या प्रसंगात आहे. झिलमिलच्या शोधात बर्फी आणि श्रुती तिथे येतात, हाती काही लागत नाही, आणि ते परत निघतात. मागून हाक येते, ‘बर्फी!’ झिलमिल जीव तोडून ओरडते आहे. ज्याला हाक मारली तो पाठमोरा चालतो आहे, त्याच्या कानी काही पडत नाही. हाक श्रुतीला ऐकू येते आणि थिएटरमधल्या प्रत्येकाला ऐकू येते. श्रुती काही न बोलता पुढे चालत राहिली असती तर बर्फी तिचा झाला असता. ती थांबते आणि त्याला सांगते. कान असणे ही एक जबाबदारी आहे, हे इतक्या थोडक्यात मांडणारा दुसरा प्रसंग हिंदी चित्रपटात सहज आठवत नाही.

नायकाच्या हातवाऱ्यांबद्दल मात्र नोंद करणे भाग आहे. ते बव्हंशी मूकाभिनयातले आहेत, भारतीय सांकेतिक भाषेतले नाहीत. त्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती हावभावांची गोळाबेरीज नव्हे. ती बोलणारी माणसे बर्फीच्या भोवती कुठेच दिसत नाहीत. दुसऱ्या कर्णबधिर माणसाशी त्याची गाठ पडली असती तर तो कसा बोलला असता, हे चित्रपटाने दाखवायला हवे होते.

‘मुका-बहिरा’ हा जोडशब्द चित्रपटाबद्दल लिहिताना सर्रास वापरला गेला. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक व्यक्तींचे स्वरयंत्र शाबूत असते. भाषा कानी न पडल्याने बोली फुटत नाही, एवढेच. त्यामुळे मराठीत आता ‘कर्णबधिर’ हा शब्द रुळला आहे. बर्फी स्वतःचे नाव उच्चारतो हा तपशील या दृष्टीने बरोबर आहे.

झिलमिल : लिओ कॅनर यांनी बालपणातल्या स्वमग्नतेचे वर्णन १९४३ मध्ये केले, पण १९७२ च्या बंगालमध्ये अशा मुलीला घरच्यांनी ‘वेडी’च म्हटले असते. कायद्यालाही वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मानले आणि त्यांत तिला स्थान दिले. चित्रपट या शेवटच्या दोन अधिनियमांच्या मधल्या काळातला आहे. चोप्रा यांचा अभिनय काहींना तपशीलवार वाटला, काहींना बालिशपणाकडे झुकणारा. झिलमिल प्रौढ स्त्री आहे, तिला हेवा वाटतो, राग येतो, नवरा हवा असतो. एवढे मान्य करणे हे चित्रपटाचे धाडस म्हटले पाहिजे. अपंग मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की आपल्या घरांत अजूनही आवाज खाली येतो.

पूर्वसूरी : सत्येन बोस यांच्या ‘दोस्ती’त (१९६४) मैत्री आहे, प्रेमकथा नाही. गुलजार यांच्या ‘कोशिश’मध्ये (१९७२) संजीव कुमार आणि जया भादुरी यांनी कर्णबधिर जोडपे उभे केले. त्याचे मूळ १९६१ च्या एका जपानी चित्रपटात आहे. ‘कोशिश’मधला एक प्रसंग विसरता येत नाही. दुसऱ्या बाळाला ऐकू येते का, हे पाहायला आईबाप त्याच्याजवळ खुळखुळा वाजवतात. बाळ दाद देत नाही आणि दोघे हादरतात. मग उलगडते की खुळखुळा आतून रिकामाच होता. त्या दोघांना ते कळणार कसे? ‘बर्फी!’ची खरी नाळ इथे जुळते. योगायोग असा, की बर्फीच्या गोष्टीची सुरुवातही १९७२ मध्येच होते.

सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’ने (१९८०) अंध नायकाचा स्वाभिमान मध्यभागी आणला. दयेची शंका आली तरी तो मागे सरतो. बर्फीला अशी शंका येत नाही. संजय लीला भन्साळी यांच्या ‘खामोशी’त (१९९६) नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी गोव्यातले कर्णबधिर दांपत्य रंगवले, पण कथा त्यांच्या ऐकू येणाऱ्या मुलीची आहे.

आक्षेप : प्रदर्शनानंतर लगेचच उसनवारीचा वाद झाला. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन यांच्या चित्रपटांतील तसेच ‘सिंगिंग इन द रेन’, ‘द नोटबुक’ यांमधील प्रसंगांशी असलेले साम्य दाखवले गेले. काहींनी याला वंदन म्हटले, काहींनी नक्कल. खांबाचा आणि हाकेचा हे दोन्ही प्रसंग मात्र पात्रांच्या स्वभावातून आलेले आहेत. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो : दोन्ही मुख्य भूमिका अपंगत्व नसलेल्या नटांनी केल्या. गरिबीही जरा जास्तच गोजिरवाणी दिसते. गरिबीबद्दलचा हा आक्षेप योग्य आहे. उपचाराला पैसे नसलेल्या माणसाचा बाप मरतो, हे गाण्यांच्या ओघात विसरले जाऊ नये.

गीते : गीतकार स्वानंद किरकिरे, नीलेश मिश्रा, सईद कादरी, आशिष पंडित. इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या किरकिरे यांचे ‘आशियाँ’ हे गीत चित्रपटाचा गाभाच म्हणावे असे आहे. छोटेसे घर, थोडेसे हसू, यापलीकडे त्यात काही मागितलेले नाही. श्रेया घोषाल आणि निखिल पॉल जॉर्ज यांनी ते गायले आहे.

गोमंतकीय दुवा : इलियाना डिक्रूझ या मूळच्या गोव्याच्या. त्यांचा हा पहिला हिंदी चित्रपट.

सन्मान : फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता (कपूर), संगीत व स्त्री पदार्पण हे पुरस्कार. ८५ व्या ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका, नामांकन नाही.