तुळईची खाच आणि अर्धवट हिशोब

३० सप्टेंबर २००६ रोजी कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या लावाल शहरात द ला कॉन्कॉर्ड हा उड्डाणपूल भरदुपारी कोसळला. ५ माणसे दगावली, ६ जखमी झाली. पुलाचे वय होते अवघे ३६ वर्षे. मधले गर्डर दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या काँक्रीटच्या टोकांवर टेकवलेले होते आणि रस्त्याची पातळी एक राहावी म्हणून तिथे दोन्हींना खाच ठेवून जाडी कमी केली होती. पूल तुटला तो या खाचेच्या पट्ट्यात. अशा अपघातानंतर पहिले बोट कंत्राटदाराकडे जाते. पण खाचेचा इतिहास पाहिला तर मूळ दोष संकल्पनाच्या रीतीत दिसतो. तुळईचा छेद जिथे एकदम लहान होतो तिथे नेहमीचा हिशोब अपुरा पडतो, आणि ही गोष्ट व्यवहारात मुरायला फार उशीर झाला.

खाचेमागचा विचार मुळात शहाणपणाचाच होता. जर्मन अभियंता हाइनरिश गेर्बर याने १८६६ साली सलग गर्डरमध्ये बिजागरीसारखे सांधे ठेवण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे एखादा खांब थोडा खचला तरी गर्डरवर जादा ताण येत नाही आणि गणितही सोपे होते. लोखंडी पुलांची ही युक्ती पुढे काँक्रीटने उचलली. मात्र काँक्रीट ताणाला कच्चे असते. तुळईतला भार तिरका उतरत तळाशी पोचतो. खाचेपाशी खालचा भागच नसल्याने तो पुन्हा वर उचलून अर्ध्या उंचीच्या टोकावर द्यावा लागतो. हे काम खाचेला लागून उभ्या असलेल्या सळया करतात. त्या कमी पडल्या किंवा त्यांचे आकडे वरच्या-खालच्या गजांना नीट अडकले नाहीत, तर खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते.

भाराची ही वाट ओळखण्याचे साधन जुनेच आहे. रिटर या अभियंत्याने १८९९ मध्ये आणि त्यानंतर म्योर्श या अभियंत्याने भेगाळलेली तुळई त्रिकोणी कैचीसारखी वागते, असे दाखवले होते. पण रोजच्या कामात एकेका छेदाचे सूत्रच रूढ झाले. खाचेजवळ, साधारण तुळईच्या उंचीइतक्या अंतरात, ताणांची मांडणी विस्कळीत असते. तिथे ते सूत्र फसवते. १९८७ साली श्लाइश, शेफर आणि येन्नेवाइन या अभियंत्यांनी अशा भागांसाठी दाब-ताणाचा सांगाडा रेखाटून संकल्पन करण्याची सुसंगत पद्धत मांडली. लावालचा पूल तोवर जुना झाला होता.

यावर कोणी म्हणेल, तिथे सळया चुकीच्या बसवल्या होत्या आणि काँक्रीटही निकृष्ट होते. दोन्ही खरे. अपघाताची चौकशी करणाऱ्या पियेर-मार्क जॉन्सन आयोगाच्या २००७ च्या अहवालात ते नोंदलेले आहे. पण त्याच अहवालाने आराखड्यातल्या सळयांच्या मांडणीलाही दोष दिला. वरचे जाड गज एकाच पातळीत दाटले होते आणि त्यांच्या खाली अशक्त काँक्रीटचा एक थर उरला होता. पुढे आलेल्या त्या जाड स्लॅबमध्ये कातरबलासाठी सळयाच नव्हत्या, आणि त्या काळच्या संहितेला ते चालत होते. म्हणजे नियम पाळूनही धोका राहिला. दुसरा आक्षेप असा की खाचेवर बंदीच घालावी. नव्या पुलांपुरते ते रास्त आहे; सांध्यातून झिरपणारे पाणी सळया गंजवते आणि आतली चीर बाहेरून दिसत नाही. पण उभे असलेले पूल, साच्यात ओतलेल्या तुळयांची टोके आणि नळासाठी ठेवलेली भोके बंदीने नाहीशी होत नाहीत.

भारतात आयआरसी ११२ या २०११ च्या पूल-संहितेने दाब-ताणाच्या सांगाड्याला जागा दिली आहे. आता तो विचार इमारतींच्या रोजच्या कामातही उतरायला हवा. तुळईत खाच किंवा भोक ठेवायचे असेल, तर भाराची वाट आणि प्रत्येक सळईचे टोक कागदावर आधी काढा. आणि ओतलेल्या तुळईला ड्रेनेजच्या पाइपासाठी छिन्नी लावण्यापूर्वी संरचना अभियंत्याला विचारा.