बिडाचे भांडे आणि १७०७ ची सनद

कोकणातल्या जुन्या घरात चुलीपाशी गेले म्हणजे एक जड, काळाकुळकुळीत तवा हटकून दृष्टीस पडतो. अर्ध्या कांद्याने त्यावर तेल फिरवायचे, पीठ ओतायचे, झाकण ठेवायचे, आणि कडा सुटल्या की घावन उलथन्याने अलगद उचलायचे. या तव्याला आपण बिडाचा तवा म्हणतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. घडीव लोखंडाची पाटी ऐरणीवर ठोकून हवी तशी पातळ करता येते. बिडाला ठोकावयास गेले तर त्याचे दोन तुकडे होतात. ते वितळवून साच्यात ओतावे लागते, आणि साच्याने जो आकार दिला तोच त्याला जन्मभर पुरतो. आज ज्या भांड्याची हकिकत सांगण्याचे आम्ही योजले आहे ते या तव्याचेच दूरचे आप्त होय. मात्र ती हकिकत घडली इंग्लंडात.

सन १७०७ हे साल महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतच शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून सुटून दक्षिणेकडे निघाले. बादशहाच्या मृत्यूला दोन महिनेही पुरते झाले नव्हते, तोच इंग्लंडात त्यांच्या पंचांगाप्रमाणे १८ एप्रिल या दिवशी राणी ॲनच्या सरकारने ब्रिस्टल शहरातल्या अब्राहम डार्बी नावाच्या एका कारखानदाराला १४ वर्षांची सनद दिली. विषय काय, तर लोखंडाची पोटाळ भांडी माती न वापरता केवळ वाळूच्या साच्यात ओतण्याची नवी रीत! एकीकडे एक साम्राज्य कोसळत होते आणि दुसरीकडे एका राज्याचे दरबारी कारकून भांड्याच्या पोटाचा विचार करीत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ती दोन्ही कागदपत्रे एकाच वर्षाची आहेत हे एकदा ध्यानात आले की मनातून जात नाही.

त्या सनदेत एक कारण नमूद आहे, ते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. या रीतीने भांडी अधिक सुबक होतील, लवकर होतील व स्वस्त होतील. आणि अशी भांडी बहुतेक गरीब लोकच वापरीत असल्यामुळे त्या स्वस्ताईचा लाभ राज्यातल्या गोरगरिबांना होईल, अशा आशयाचा मजकूर तीत आहे. सनद मिळवण्यासाठी अर्जदार नाना पुण्यकार्ये पुढे करतो, हे खरे. तथापि स्वयंपाकघर आणि गरिबी हे दोन शब्द राजमुद्रेच्या कागदावर एकत्र यावेत, ही गोष्ट इतिहासात वरचेवर घडत नाही.

डार्बी हा १६७८ साली डडली गावाजवळ जन्मला. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, शब्दाचा पक्का व्यवहार आणि आपसांत भांडवल उभे करण्याची सोय, असा त्या पंथाचा लौकिक होता. बर्मिंगहॅमला माल्ट दळण्याच्या चक्क्या करणाऱ्या एका कारागिराकडे त्याने उमेदवारी केली. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. ते वाळवताना दगडी कोळशाचा धूर लागला तर बीअरला वास येतो, म्हणून ते लोक कोळसा आधीच भाजून त्याचा कोक करीत आणि तो जाळीत. हा कोक पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे. १६९९ मध्ये डार्बी ब्रिस्टलला आला, काही वर्षांत पितळेच्या कारखान्यात भागीदार झाला, आणि १७०४ च्या सुमारास हॉलंडला जाऊन तिथले कारागीर घेऊन आला.

त्या काळी चांगले भांडे म्हणजे पितळेचे किंवा तांब्याचे, आणि ते महाग. बीड स्वस्त होते खरे, परंतु त्याचे भांडे ओतणे हे मोठे जिकिरीचे काम असे. जुनी रीत मातीची होती. आधी मळीव मातीचा गाभा करावयाचा, त्यावर भांड्याच्या जाडीइतका मातीचाच थर चढवावयाचा, त्यावर पुन्हा बाहेरचे मातीचे कवच. मग सारे वाळवून, मधला थर काढून टाकून, त्या पोकळीत लोखंड ओतावयाचे. भांडे निघाले की साचा गेला. दुसऱ्या भांड्यासाठी पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. आपल्याकडचे ओतारी मेणाचा साचा वितळवून मूर्ती ओततात, त्यांना ही मेहनत सांगावयास नको. मूर्तीसाठी ती शोभते. चार पैशांच्या भांड्यासाठी परवडत नाही.

वाळूची रीत वेगळी. लाकडाचा किंवा धातूचा एक फर्मा करून ठेवावयाचा, चौकटीत ओलसर वाळू त्याच्याभोवती ठासावयाची, फर्मा काढून घ्यावयाचा आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतावयाचा. वाळू मोडली तरी फर्मा शिल्लक. दिवसभरात त्यावर वाटेल तितके साचे निघतात. मग ही युक्ती आधी कोणी का वापरली नाही? सपाट वस्तूंसाठी वापरीतच होते. अडचण होती ती पोटाची. ज्या भांड्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे, त्याचा फर्मा वाळूतून बाहेर कसा काढावा? काढू गेले तर साचा ढासळतो. फर्म्याचे आणि चौकटीचे भाग पाडून ते एकेक करून सोडवून घेणे, आणि आतला गाभाही वाळूचाच करून तो ओतताना जागच्या जागी धरून ठेवणे, ही त्यावरची तोड होती. सांगावयास सोपी आहे. हॉलंडच्या कारागिरांना ती लोखंडात साधेना.

येथे जॉन टॉमस या मुलाचा प्रवेश होतो. तो वेल्सचा; मेंढ्या राखण्याचे काम सोडून डार्बीकडे आलेला. त्याच्या घराण्यात पुढे जी हकिकत सांगत असत ती अशी: परदेशी कारागिरांची खटपट पाहता पाहता यांचे कोठे चुकते हे मुलाला उमगल्यासारखे वाटले, त्याने धन्याला तसे सांगितले, आणि त्याच रात्री दोघांनीच कारखान्यात थांबून लोखंडाचे भांडे ओतून काढले. पुढे काम चालू असताना दाराच्या किल्लीचे भोकसुद्धा बुजवून ठेवीत, आणि दुप्पट पगाराचे आमिष आले तरी टॉमस धन्याला सोडून गेला नाही. घराण्यात सांगितलेल्या गोष्टी इतिहासकाराने चार बोटे दूर ठेवूनच ऐकाव्यात. किल्लीच्या भोकाबद्दल आम्ही पैज लावणार नाही. परंतु १७०७ मध्येच टॉमसने डार्बीला गुपित न फोडण्याचा करार लिहून दिला होता, आणि टॉमसचे वंशज शंभराहून अधिक वर्षे त्याच कंपनीच्या सेवेत राहिले. सनदेवर नाव मात्र एकट्या डार्बीचे आहे.

पितळ कंपनीतल्या भागीदारांना या लोखंडी भांड्यात जोखीम दिसली असावी. डार्बीने तेथून अंग काढून घेतले आणि १७०८ मध्ये श्रॉपशर परगण्यातल्या कोलब्रुकडेल या दरीत एक मोडकी झोतभट्टी भाड्याने घेतली. जवळच कोळशाच्या आणि खनिजाच्या खाणी, पाणचक्कीला ओढा, आणि माल नेण्यास सेव्हर्न नदी. भट्टी दुरुस्त करून १७०९ च्या जानेवारीत त्याने ती पेटवली, ती लोणारी कोळशावर नव्हे तर कोकवर. बीअरच्या धंद्यात पाहिलेली गोष्ट येथे कामी आली असावी, असा तर्क पुष्कळांनी केला आहे आणि आम्हांला तो पटतो.

शाळेच्या पुस्तकांत हीच तारीख असते. १७०९, कोकवर लोखंड गाळले, जंगले वाचली, औद्योगिक क्रांतीचा पाया घातला गेला. भांड्याचा उल्लेख झालाच तर तळटीपेत. आमचे म्हणणे असे आहे की हा क्रम उलटा लावला पाहिजे. कोकमुळे भांडे झाले असे नसून भांडे होते म्हणून कोक टिकला.

हे कसे ते पाहू. त्या काळी लोखंडाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे लोहार. त्यांना घडीव लोखंड लागे, आणि ते भट्टीतले बीड पुन्हा शुद्ध करून मिळवावे लागे. कोकच्या भट्टीत उष्णता अधिक असल्याने लोखंडात सिलिकॉन जास्त उतरतो. असे बीड शुद्ध करावयास वेळ आणि जळण फार खर्च होई, आणि शिवाय कोळशातला गंधक असेल तर लोखंड ठिसूळ होई, ते वेगळेच. म्हणून घडीव लोखंड करणारे कोकच्या लोखंडाकडे पाहतही नसत. चार्ल्स हाइड या अमेरिकन इतिहासकाराने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिशेब मांडून दाखवले आहे की डार्बीच्या काळी कोकवरचे लोखंड काही स्वस्तही पडत नव्हते. म्हणजे घडण्यास वाईट आणि किमतीतही फायदा नाही. असा माल घेणार कोण?

पण जो सिलिकॉन लोहाराचा शत्रू तोच ओताऱ्याचा मित्र. त्याच्यामुळे लोखंडाचा रस अधिक पातळ वाहतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत थंड होण्यापूर्वीच पोहोचतो. पातळ भागात बीड लवकर थिजले म्हणजे ते पांढरे, काचेसारखे कडक व ठिसूळ होते. सिलिकॉन असला की आतला कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने सुटा होतो आणि करड्या रंगाचे, धक्का सोसणारे बीड मिळते. तेव्हा पातळ भिंतीचे, हलके, पोटाळ भांडे ओतावयास हेच लोखंड हवे होते. स्थानिक कोळशात गंधकही कमी निघाला, हे डार्बीचे दैव. भांडे हलके म्हणजे लोखंड कमी. लोखंड कमी म्हणजे किंमत कमी. आणि सनद हाती असल्यामुळे १४ वर्षे दुसऱ्या कोणी ही रीत वापरू नये अशी तजवीज. कोकची भट्टी चालू राहिली ती या भांड्यांच्या विक्रीवर.

ते भांडे होते तरी कसे? गोल पोटाचे, खाली तीन पाय, वर दोन कान. निखाऱ्यांत उभे करता येई किंवा कानांत कडी घालून आकडीला टांगता येई. इंग्रज मजुराच्या घरी एकच चूल आणि बहुधा एकच भांडे. त्यातच रस्सा, त्यातच लापशी, त्यातच कपड्यांना गरम पाणी. घराघरांतून ही भांडी किती वर्षे टिकली असतील याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या आजीच्या तव्यावरून करावा.

डार्बी फार जगला नाही. १७१७ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो वारला. पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक असलेली आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. भांड्यांसाठी कमावलेली पोकळ ओतकामाची हातोटी १७२० नंतर न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राचे नळकांडे ओतण्यास उपयोगी पडली. पूर्वी ही नळकांडी पितळेची असत व अतिशय महाग पडत. कोकच्या लोखंडापासून घडाऊ लोखंड करण्याचे कोडे १७५० च्या सुमारास दुसऱ्या अब्राहमने सोडवले. तिसऱ्याने सेव्हर्नवर ओतीव लोखंडाचा पूल १७७९ मध्ये उभा केला; तो १७८१ च्या पहिल्या दिवशी रहदारीस खुला झाला. आपल्याकडे १९१० पासून किर्लोस्करवाडीत जे नांगराचे फाळ ओतले जात, तेही वाळूच्या साच्यांतूनच.

चीनचे नाव घेतले नाही तर मात्र अन्याय होईल. तिथे ख्रिस्तपूर्व शतकांपासून लोखंड ओतीत होते, आणि फोशान शहराच्या पातळ कढया डार्बीच्या जन्माआधीपासूनच प्रसिद्ध होत्या. युरोपाचा शोध हा पुष्कळदा युरोपापुरताच शोध असतो.

एकोणिसाव्या शतकात सपाट माथ्याच्या शेगड्या आल्या आणि भांड्याचे पाय गेले. पोटाळ भांड्याची जागा सपाट बुडाच्या, दांड्याच्या पसरट कढईने घेतली, आणि तिचे माहेर झाले अमेरिका. पेनसिल्व्हेनियातल्या इरी गावी १८६५ पासून ग्रिझवोल्ड, ओहायोतल्या सिडनी गावी १८९१ पासून वॅग्नर, टेनेसीत १८९६ पासून जोसेफ लॉज यांचा कारखाना, अशी ती परंपरा. त्यांतल्या जुन्या कढया पातळ असत आणि आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असे. पुढे ॲल्युमिनियम आले. १९५६ मध्ये फ्रान्सात टेफ्लॉनचा लेप दिलेले तवे निघाले. इरीचा कारखाना १९५७ मध्ये बंद पडला. जे बीड उरले ते जाड, वाळूच्या खडबडीचा पृष्ठभाग तसाच ठेवलेले. २०१० नंतर मात्र अमेरिकेतल्या काही लहान कारखानदारांनी बाजारात मिळणाऱ्या त्या जुन्या कढया पुढ्यात ठेवून पुन्हा हलकी, यंत्रावर घासलेली कढई करण्याचा घाट घातला. फील्ड नावाच्या कंपनीने तर २०१६ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून ती तयार केली. नव्या बनावटीची म्हणून ती विकली जाते. पण तिच्या कर्त्यांपुढचा प्रश्न, म्हणजे भिंत किती पातळ करावी म्हणजे हाताला पेलेल आणि साच्यात ओतताना तडकणार नाही, हा तीनशे वर्षांपूर्वी त्या वेल्सच्या पोरापुढेही होता. एक फरक आहे, आणि आम्हांला तो खुपतो. त्या वेळी पातळ भांडे गरिबासाठी स्वस्त व्हावे म्हणून केले. आता पातळ आणि गुळगुळीत तेच महाग पडते, जाड आणि खडबडीत तेवढे स्वस्त.

कोलब्रुकडेलची जुनी भट्टी छपराखाली जतन करून ठेवली आहे आणि तो सारा परिसर १९८६ पासून जागतिक वारशात मोडतो. तिच्या शेजारची ओतशाळा मात्र २०१७ च्या नोव्हेंबरात बंद झाली. शेवटच्या दिवसांत तिथे आगा नावाच्या बिडाच्या घरगुती चुलींचे भाग ओतले जात होते.