नदीपलीकडचा मालक परदेशी कधी होतो?

नेहमीप्रमाणे हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे यात घातलेत, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.

विषय आहे निवृत्तीनंतर सीमेपलीकडे घर-जमीन घेऊन राहणं. असं म्हटलं की आपल्याला पोर्तुगाल आठवतं, थायलंड आठवतं, नाहीतर दुबईचे फ्लॅट. मी कळमनुरीचा. आमच्याकडे 'सीमेपलीकडे' या शब्दाचा अर्थ शंभर वर्षांपूर्वी फार सोपा होता: पैनगंगा ओलांडली की पलीकडे. अलीकडे कळमनुरी, पलीकडे पुसद, उमरखेड. भाषा तीच, ज्वारी तीच, सोयरीक दोन्हीकडे. पण नाणं वेगळं, कचेरी वेगळी आणि कायदाही वेगळा. आज इसापूरच्या धरणाचं पाणी बघायला आपण सहज जातो, तेव्हा तिथे एकेकाळी राज्याची हद्द होती हे डोक्यातही येत नाही.

छावणीचा पगार

ही हद्द आली कुठून? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाचा. हा खर्च थकत गेला. शेवटी १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. म्हणजे हिंगोलीसारख्या छावण्यांच्या पगारासाठी नदीपलीकडचा मुलूख गेला, आणि पैनगंगेचा बराचसा काठ ही दोन राजवटींची सीमा झाली.

गंमत पुढे आहे. वऱ्हाड 'दिला' असं कागदावर कधीच नव्हतं. १९०२ मध्ये कर्झनने मीर महबूब अली खानांशी करार करून तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला, वर्षाला २५ लाख रुपये भाडं ठरवून. पुढे १९३६ च्या करारात वऱ्हाडावरचं निजामाचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य केलं गेलं आणि त्यांच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. तर कागदोपत्री नदीच्या दोन्ही काठांचा धनी एकच. व्यवहारात मात्र एका काठावर इंग्रजी अंमल, दुसऱ्या काठावर निजामी.

सत्तर हाली, साठ कलदार

आता समजा, एक माणूस आयुष्यभर निजामाच्या महसूल खात्यात कारकून होता आणि म्हातारपणी त्याला उमरखेडला, बायकोच्या माहेरगावी राहायचंय. घर घ्यायला त्याला कोण अडवणार? पण पेन्शन मिळणार हाली शिक्क्यात. पलीकडे चालतो कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. सत्तर रुपयांची पेन्शन नदी ओलांडली की साठ. आज आपण डॉलर आणि रुपयाचा हिशोब करतो, तोच हिशोब, फक्त नावेत बसून.

उलट बाजूने बघा. उमरखेडला घर आणि कळमनुरीकडे शेत असलेला माणूस. पीक घरी न्यायचं तर वाटेत करोडगिरीचा नाका. निजाम सरकार सीमेवर जी जकात घ्यायचं ती करोडगिरी, दर साधारण किमतीच्या पाच टक्के. स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या घरी न्यायचा, तर वाटेत दुसऱ्या सरकारचा माणूस बसलेला.

तरी इथपर्यंत सगळं पैशाचं होतं. पैशाचा त्रास माणूस सोसतो, जोडधंद्यासारखा अंगवळणी पाडून घेतो. खरा प्रश्न पुढचा: तू कुणाचा?

परत जाणार नाही, असं लिहून दे

हैदराबाद संस्थानात माणसांचे दोन प्रकार होते, मुलकी आणि गैरमुलकी. मुलूख म्हणजे देश, म्हणून मुलकी म्हणजे देशातला. उत्तर हिंदुस्थानातून आणि मद्रासकडून आलेल्या लोकांनी सरकारी नोकऱ्या भरल्या, अशी इथल्या लोकांची तक्रार होती. त्यातून मुलकी नियम आले. हे नियम नोकरीसाठी होते, जमीन घेण्यासाठी नव्हते, हे लक्षात ठेवा. पण 'इथला' कोण याची सगळ्यात नेमकी व्याख्या त्यांच्यातच सापडते.

१९१९ च्या नियमांनुसार जन्माने संस्थानची प्रजा असलेला माणूस मुलकी होताच. बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचं असेल तर दोन अटी. किमान १५ वर्षं कायम वास्तव्य, आणि मॅजिस्ट्रेटपुढे साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र की आपल्या मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार मी सोडून दिला आहे.

ही दुसरी अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबलो. तुमचं घर किती मोठं, शेत किती, कर किती भरता, यातलं काहीच ती विचारत नाही. ती विचारते की म्हातारपणी तुम्ही कुठे जाणार. पंधरा वर्षं राहिलेल्या माणसालाही सरकार म्हणतं, राहिलास हे ठीक, पण परत जाणार नाही असं लिहून दे. आमच्या क्षेत्रात लॉगिन वेगळं आणि परवानग्या वेगळ्या असतात. तसंच इथे, मालकी वेगळी आणि आपलेपणा वेगळा. एक मिळालं म्हणून दुसरं मिळत नाही.

हे नियम किती चिवट होते बघा. संस्थान गेलं तरी ते उरले. १९५२ मध्ये हैदराबादेत त्यांच्यावरून आंदोलन झालं, गोळीबार झाला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले, आणि १९७३ मध्ये संसदेने कायदा करून ते रद्द केले. तोवर मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडून सोळा-सतरा वर्षं झाली होती.

तेरा महिने

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची रात्र. १५ ऑगस्ट १९४७. पुसद, उमरखेड स्वतंत्र भारतात. कळमनुरी नाही. निजामाने विलीनीकरणाला नकार दिला, नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार झाला, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे तेरा महिने, पैनगंगा दोन देशांच्या मधली नदी असल्यासारखी झाली. उमरखेडच्या ज्या माणसाचं शेत कळमनुरीकडे होतं तो जागचा हलला नाही, शेतही हललं नाही, आणि तरी तो परदेशातल्या जमिनीचा मालक झाला.

याच महिन्यांत रझाकारांच्या भीतीने अनेक कुटुंबं बायका-मुलं आणि गुरं घेऊन वऱ्हाडात गेली. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर कॅम्प उघडले. ज्यांचे नातेवाईक नदीपलीकडे होते त्यांना ओसरी मिळाली, बाकीच्यांनी मिळेल तिथे आसरा घेतला. पलीकडे घर असणं म्हणजे काय, हे त्या वर्षी लोकांना कळलं. एरवी ज्याला दोन ठिकाणचा व्याप म्हणायचे, तोच जीव वाचवणारा ठरला.

हे सांगताना इथेच थांबलं तर गोष्ट अर्धी राहते. पोलीस ॲक्शननंतर पळण्याची पाळी मुसलमान कुटुंबांवर आली. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. नांदेड म्हणजे आपलं शेजारघर. जे पाकिस्तानात गेले त्यांच्या मालमत्तेला १९५० चा निर्वासित मालमत्ता कायदा लागला, पुढे १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर शत्रू मालमत्ता म्हणून नोंदलेल्या जागेवर भारतीय नागरिक असलेल्या वारसालाही हक्क सांगता येत नाही. त्यांना कुणी प्रतिज्ञापत्रही मागितलं नाही. परत येण्याचा रस्ताच कायद्याने बंद झाला.

सीमा गेली, कागद राहिले

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. नदी आता फक्त जिल्ह्यांची हद्द. हाली शिक्का १९५९ मध्ये अधिकृतपणे बाद झाला. संपलं? नाही. शेतजमिनीच्या व्यवहाराला कळमनुरीत आजही १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागतो, उमरखेडला १९५८ चा विदर्भाचा. एकच राज्य, एकच नदी, दोन कायदे. आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दप्तर उघडले, तेव्हा मेलेल्या संस्थानाचा कागद जिवंत माणसाचं भविष्य ठरवतो हे सगळ्या मराठवाड्याने पाहिलं.

हे सगळं मी का काढलं? माझे एक मामा अमेरिकेत आहेत. पंचवीस वर्षं झाली, तिकडचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड आहे. निवृत्त होऊन इकडे यायचं म्हणतात. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, "नानांच्या शेताला लागून चार एकर निघालंय. घेतो, विहीर खांदतो, राहतो."

मी म्हटलं, "मामा, तुम्हाला घेता येणार नाही."

नियम असा आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. ओसीआय कार्डधारकाला घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. नाना हयात असताना त्यांनी बक्षीसपत्र करून शेत दिलं तरी चालत नाही. वारसाने आलं तर मात्र चालतं. पुढे विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्यालाच विकायचं.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे बाप गेल्यावर मी शेतकरी, आणि बाप आहे तोवर परका?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमामागचं कारण समजतं. बाहेरच्या पैशाने जमिनीचे भाव चढले तर इथल्या कास्तकाराने काय करायचं, हा प्रश्न खराच आहे, आणि मुलकी नियमांमागेही अशीच खरी तक्रार होती. पण दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. सरकारला तुमच्या पैशाची किंवा घराची फारशी भीती नसते. त्याला हे जाणून घ्यायचं असतं की संकट आलं तर तुम्ही कुठल्या काठाला जाल. सीमेपलीकडे मालमत्ता घेणारा प्रत्येक माणूस या प्रश्नाचं उत्तर देत असतो, फक्त बहुतेक वेळा सही करताना त्याला ते कळत नाही.

म्हणून एक काम करा. घरात कुणी बाहेरचं नागरिकत्व घ्यायच्या बेतात असेल, तर आधी गावाकडचा सातबारा, फेरफार आणि वारसनोंदी नीट लावून घ्या. आणि तुमच्या घरी वऱ्हाड-मराठवाडा सीमेवरच्या जमिनीच्या, हाली-कलदारच्या, नाहीतर नदीपलीकडे काढलेल्या त्या वर्षाच्या आठवणी असतील, तर मला लिहून पाठवा. ज्यांनी ते तेरा महिने पाहिले ती माणसं आता फार थोडी उरलीत. पुढचा भाग करोडगिरीच्या नाक्यांवर करायचा विचार आहे. भेटू.