तंबू तेच, पाहुणे निराळे

नागपूरहून शिवनी किंवा बालाघाटच्या वाटेनं निघालं की पाच-सहा तासांत कान्हाचं सालवन लागतं. तिथे बंजर नदीच्या आसपास आता तंबू उभे राहिले आहेत. तंबू म्हणायचं ते छत कापडाचं आहे म्हणून. आत मऊ गादीचा पलंग, गरम पाण्याचा नळ, लाकडी फळ्यांची जमीन आणि बाहेर झाडीकडे तोंड करून मांडलेल्या आरामखुर्च्या. पहाटे उघड्या जिप्सीतून वाघ पाहायचा, दुपारी ताणून द्यायची, संध्याकाळी शेकोटीशेजारी बसून बैगा बायाबापड्यांचा करमा नाच पाहायचा. एका रात्रीचं भाडं ऐकलं तर पुष्कळांना आपला महिन्याचा पगार आठवेल. जाहिरातीत या साऱ्याला ‘आगळा अनुभव’ म्हणतात.

आगळा तो असेलही, पण नवा नाही. हा तंबू चांगला दीडशे-एकशेसाठ वर्षांचा जुना आहे. त्यात उतरणारे पाहुणे तेवढे बदलत गेले.

१८६१ साली इंग्रजांनी मध्यप्रांत निर्माण केला आणि नागपूर ही त्याची राजधानी झाली. सातपुडा आणि मैकलचे डोंगर नकाशावर होते, पण त्यात काय आहे हे सरकारला धड माहीत नव्हतं. रिचर्ड टेंपल हे इथे चीफ कमिशनर होते. पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले तेच हे. त्यांनी कॅप्टन जेम्स फोर्साइथ नावाच्या तरुण अधिकाऱ्याला डोंगर धुंडाळायला धाडलं. त्यानं पचमढीच्या पठारावर १८६२ मध्ये एक घर बांधलं, ‘बायसन लॉज’. ते घर अजून आहे. फोर्साइथ नर्मदेच्या उगमापर्यंत फिरला, वाटेत शिकार केली, गोंड आणि बैगांच्या वस्त्यांजवळ मुक्काम ठोकले आणि मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते १८७१ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि त्याच वर्षी वयाच्या तिशीतच तो वारला. एका पुस्तकात वाघ, रानगवा, सालवन आणि आदिवासींच्या चालीरीती. आजच्या सहलीच्या माहितीपत्रकाचा मसुदाच म्हणा ना!

साहेबाच्या तंबूची शिस्त मोठी होती. हिवाळा लागला की जिल्ह्याचा अधिकारी दौऱ्यावर निघे. तंबूंचे दोन संच असत. एका संचात साहेब झोपलेला असताना दुसरा संच रातोरात बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी जाई, म्हणजे सकाळी घोड्यावरून साहेब पोचेपर्यंत तिकडे राहुटी उभी आणि न्याहारी तयार. हे सारं आपोआप होत नसे. गाड्या, लाकूड, दूध, कोंबड्या, ओझी वाहायला माणसं यांची सोय आजूबाजूच्या गावांनी करायची. त्याला रसद आणि बेगार म्हणत. बेगारीचे दाम मिळालेच तर मिळाले. तंबूतल्या सुखाचा पहिला हिशेब हा असा आहे, आणि साहेबांच्या पुस्तकांत तो क्वचितच सापडतो.

रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या आणखी एका अधिकाऱ्यानं १८७७ मध्ये शिवनीवर पुस्तक काढलं, तेही सातपुड्यातल्या तंबूच्या जीवनावर. रुडयार्ड किपलिंग कधीही शिवनीला आला नव्हता. अशी पुस्तकं वाचून आणि लोकांकडून ऐकूनच त्यानं १८९४ च्या ‘जंगल बुक’मधलं रान रचलं. आज तिथली निम्मी दुकानं आणि हॉटेलं मोगली, बगिरा, शेरखान यांच्या नावांवर चालतात. न पाहिलेल्या जंगलावर एवढी बाजारपेठ उभी करणारा लेखक विरळाच.

या सगळ्यांना जंगल दाखवायचा कोण? बैगा. साहेबाच्या हाताखालचा वाटाड्या म्हणून त्याची ओळख पुस्तकांत येते, पण त्याची स्वतःची ओळख फार मोठी आहे. बैगांच्या कथेप्रमाणे नंगा बैगा आणि नंगी बैगिन हे पहिले मानव, आणि धरती स्थिर करण्यासाठी देवाला त्यांचीच मदत घ्यावी लागली. गोंड राजे झाले, त्यांनी मंडल्याला किल्ले बांधले. पण गावाची शीव बांधायला, पेरणीची पूजा करायला गोंडांनाही बैगाच लागे. वाघावर तर त्याचा खास अधिकार. झाडात खिळा ठोकून मंत्रानं वाघाचं तोंड बंद करायचं ही विद्या त्याच्याकडे आहे असं मानलं जाई. वाघानं माणूस मारला तर त्या मृताचा आत्मा वाघाच्या आधारानं फिरतो आणि आणखी बळी घेतो. त्याला शांत करणं हे बैगाचंच काम. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातल्या जातीजमातींचे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांतही बैगाच्या या कामाची नोंद आहे.

असा हा रानाचा पुरोहित. त्याची शेती मात्र सरकारच्या डोळ्यांत सलू लागली. बैगा नांगर धरत नसे. धरणी आई आहे, तिच्या छातीवर फाळ कसा चालवायचा, हा त्याचा सवाल. तो झाडं तोडी, वाळली की जाळी, आणि त्या राखेत कोदो-कुटकी पेरी. दोन-तीन वर्षांनी जागा बदली. याला बेवर म्हणतात. इकडे रेल्वेचे रूळ पसरत होते आणि त्याखाली घालायच्या स्लीपरांना सालाचं लाकूड हवं होतं. ज्या झाडाची राख बैगाला हवी, त्याच झाडाची फळी सरकारला हवी. बेवरनं जंगल उजाड होतं असं फोर्साइथनंही लिहून ठेवलं होतं आणि त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण स्लीपरांसाठी पडलेल्या सालाची मोजदाद कुणी त्या पोटतिडकीनं केली नाही.

राखीव जंगलं झाली, बेवर बंद झाली. १८९० मध्ये मंडला जिल्ह्याच्या पूर्व भागात, आजच्या दिंडोरीत, सुमारे २४ हजार एकरांचा एक तुकडा आखून तेवढ्यात बेवर करायला मुभा दिली. त्याचं नाव बैगा चक. जो स्वतःला साऱ्या रानाचा धनी समजत होता, त्याला रानातली एक चौकट मिळाली.

१९३२ मध्ये याच भागात, करंजियाला, पुण्याच्या आश्रमातून दोघेजण आले. एक व्हेरियर एल्विन, ऑक्सफर्डला शिकलेला धर्मोपदेशक, आणि दुसरे त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे. पुढे ते पाटणगढला राहायला गेले. एल्विनचं नाव गाजलं. शामरावांनी शाळा, दवाखाना, माणसं सांभाळली, परधानांवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. पण त्यांचं नाव आपल्याकडे मराठीतसुद्धा फारसं कुणी घेत नाही, याची मला हळहळ वाटते.

एल्विनचा बैगांवरचा ग्रंथ १९३९ मध्ये आला. त्यात त्यानं एक सूचना केली, ती मोठी विलक्षण आहे. त्याचं म्हणणं, बैगांसाठी आणि आसपासच्या गोंडांसाठी एक प्रकारचं राष्ट्रीय उद्यान करावं. सावकार, दारूचा ठेकेदार, जंगलखात्याचा शिपाई यांच्यापासून त्यांना तिथे निवारा मिळावा. यावर गदारोळ उठला. माणसं काय प्राणिसंग्रहालयात ठेवायची, असं त्याला विचारलं गेलं. आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून आदिवासींना वेगळं काढण्याच्या कल्पनेला विरोध केला. एल्विननं पुढे ती कल्पना सोडून दिली.

राष्ट्रीय उद्यान झालं, पण ते असं: कान्हाच्या खोऱ्यात १९३३ मध्ये अभयारण्य, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. प्राण्यांना निवारा मिळाला आणि माणसांना बाहेर जावं लागलं.

तिथवर जाण्याआधी शिकारी तंबूंचा शेवटचा बहर सांगायला हवा, कारण त्याचं केंद्र आपलं नागपूर होतं. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि शिकारीच्या कंपन्या आल्या. नागपूरची ऑल्विन कूपर ही त्यांतली नामांकित. ती उभी केली विद्याचरण शुक्ल यांनी. जुन्या श्रोत्यांना ते आणीबाणीतले नभोवाणी मंत्री म्हणून आठवतील. परदेशी पाहुणे, त्यातही अमेरिकन, विमानानं येत. कंपनी त्यांच्यासाठी जंगलाचा ब्लॉक घेई. खानसामा, मचाण, आमिषाला रेडकू, हाकारे, कातडी कमावण्याची व्यवस्था, सगळं एका बिलात. वाघाचा माग काढणारे गोंड आणि बैगाच. देशाला परकी चलन हवं होतं, म्हणून सरकारही या धंद्याकडे कौतुकानं पाही. कान्हाच्या शेजारी तर पन्नासच्या सुमारास एका महाराजकुमारांनी पाचेक वर्षांत तीस वाघ मारले. कान्हाच्या आतल्या एका जागेला दशरथ मचाण म्हणतात आणि जवळच श्रवण ताल आहे. शिकारीतल्या चुकीची आपल्याकडची सर्वांत जुनी कथा लोकांनी नेमकी इथे आणून बसवावी, हेही गमतीचंच.

१९६३ ते ६५ या काळात जॉर्ज शॅलर हा अमेरिकन शास्त्रज्ञ कान्हात राहिला. हाती बंदूक न घेता वाघ आणि हरणं नुसती पाहत बसणारा हा बहुधा इथला पहिलाच तंबूवाला. त्याचं पुस्तक १९६७ मध्ये आलं. १९६९ मध्ये दिल्लीत निसर्गरक्षकांची आंतरराष्ट्रीय सभा झाली, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. कंपन्यांचे तंबू गुंडाळले गेले. कॅमेरेवाल्यांचे तंबू यायला दहा-बारा वर्षं लागली.

१९७० मध्ये कान्हातले बारासिंगे मोजले तेव्हा ६६ भरले. कठीण जमिनीवर राहणारी ही जात जगात दुसरीकडे उरलीच नव्हती. बारासिंग्याला उंच गवताची मोकळी मैदानं लागतात, आणि ती मैदानं म्हणजे गावांची शेतं आणि कुरणं. सोंफ नावाचं गाव उठवलं, तिथे गवत वाढलं आणि बारासिंगे पिलं वाढवू लागले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. जगातल्या मोजक्या यशांतलं हे एक यश, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. त्यानंतर दोन डझनांहून अधिक गावं उठली. काहींना जमीन मिळाली. काही ठिकाणी, विशेषतः अलीकडच्या काळात, रोख रक्कम हाती पडली आणि वर्षा-दोन वर्षांत संपून गेली. ज्याला रान वाचता येतं पण बँकेचं पासबुक वाचता येत नाही, त्याच्या हाती पैसे ठेवून मोकळं होणं हे पुनर्वसन कसं म्हणायचं?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कान्हाच्या सीमेवर पहिलं खासगी निवास उघडलं, तेही किपलिंगच्याच नावानं. २००५ नंतर मोठ्या हॉटेल समूहांचे आलिशान तंबू आले. त्यांनी नावं मोठी छान निवडली: कुठे महुआ, कुठे कोठी, कुठे टोला. टोला म्हणजे पाडा. जंगलातले टोले बाहेर आले आणि सीमेवर हा नवा टोला वसला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाभा क्षेत्रातलं पर्यटन जुलै ते ऑक्टोबर थांबवलं तेव्हा हॉटेलवाले हवालदिल झाले, आणि त्यांच्यापेक्षा जिप्सीचे चालक आणि गाईड. कारण आता तिथल्या कितीतरी पोरांची चूल त्यावर पेटते. बेगारीच्या दिवसांत आणि या दिवसांत हा फरक आहे, तो मानलाच पाहिजे.

संध्याकाळच्या नाचाचं मात्र माझ्या मनाला पटत नाही. करमा हा भादव्यातल्या सणाचा नाच, रात्रभर चालणारा. तो रात्रीच्या जेवणाआधी वीस मिनिटांत उरकायचा. परधौनी हा लग्नातला नाच. त्यात खाटा आणि घोंगड्यांचा हत्ती करून वऱ्हाडाला सामोरं जातात. लग्न नाही, वऱ्हाड नाही, नुसता हत्ती नाचतोय. तरीही नाचणाऱ्यांना याचे पैसे मिळतात, आणि ते नकोत असं आपण घरी बसून कसं सांगणार? दिंडोरीच्या अर्जुनसिंह धुर्वे यांना बैगा नृत्यासाठी २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती हा नाच जगवला म्हणूनच.

चित्रांचं थोडं निराळं झालं. एल्विन आणि शामरावांच्या त्या पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाच्या नजरेत आला आणि गोंड चित्रशैली जगभर गेली. जोधैया बाई बैगा यांनी उतारवयात ब्रश हाती धरला. त्या बांधवगडजवळच्या लोढा गावच्या, जंगलातून लाकडं आणून विकणाऱ्या. मोहाचं झाड, महादेव आणि वाघ त्यांनी कागदावर उतरवले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ च्या डिसेंबरात त्या गेल्या. अशी चित्रं आता तंबूंच्या भिंतींवर असतात, आणि त्यातला वाघ कुणाच्या सांगण्यावरून वेळेत उरकत नाही.

२००६ च्या वनाधिकार कायद्यानं अतिमागास जमातींना त्यांच्या अधिवासावर हक्क दिला. देशात तो पहिल्यांदा मिळाला दिंडोरीतल्या बैगांना, १८९० च्या त्या बैगा चकातल्या गावांना. कान्हाच्या आतल्या गावांची तोवर मैदानं झाली होती. सोंफचं मैदान आलं की गाईड जिप्सी थांबवायला सांगतो आणि गवताकडे बोट करून बारासिंगे दाखवतो. नाव कशावरून पडलं, असं कुणी विचारलं तर तोही सांगतो की इथे एक गाव होतं.