पेटीबाहेरच्या कार्डाची कुळकथा

लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडता येतं ते थंडरबोल्ट या जोडणीमुळे, असा सर्रास समज आहे. तो मला पटत नाही. जादा कार्डांसाठी वेगळी पेटी आयबीएमने 1983मध्येच ‘5161’ या क्रमांकाने आणली होती. 1992मध्ये अ‍ॅपलचा ड्युओ डॉक आला. व्हीसीआरमध्ये कॅसेट जावी तसा पॉवरबुक ड्युओ लॅपटॉप त्यात सरकायचा आणि त्याला ‘नूबस’ या बसवर चालणाऱ्या दोन कार्डांची जागा मिळायची. पण तेव्हाच्या कार्डांना आपल्या बसच्या, म्हणजे माहितीच्या सामायिक मार्गाच्या, सगळ्या तारा लागत. त्यामुळे जोड अवजड आणि महाग व्हायचा, शिवाय त्या त्या कंपनीच्या यंत्रापुरताच राहायचा.

ही अडचण मुळातून सोडवली ती 2003च्या सुमारास आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसने. यात माहिती स्वतंत्र लेनमधून जाते आणि किती लेन वापरायच्या हे सुरू होतानाच कार्ड व संगणक आपसांत ठरवतात. म्हणून सोळा लेनचं कार्ड एका लेनवरही चालतं. एक्स्प्रेसकार्डच्या खाचेतून ती एक लेन लॅपटॉपच्या कडेला आली आणि हौशी मंडळींनी तिचं सोनं केलं. त्यांच्या स्वस्त अडॅप्टरांपैकी काहींत एचडीएमआयच्या घाटाचा जोड असतो, पण त्यातून चित्र नव्हे, पीसीआय एक्स्प्रेसचे सिग्नल धावतात. कार्डाला वीज मिळते ती डेस्कटॉपच्या एसएमपीएसमधून. थंडरबोल्ट लॅपटॉपवर आला तो 2011मध्ये. त्याने वेग आणि सोय वाढवली. वाट आधीच मोकळी झाली होती.

‘थंडरबोल्ट 3मध्येही लेन चारच, मग महागडं कार्ड अडकवून ठेवायचं कशाला?’ हा आक्षेप गेमपुरता बराचसा खरा आहे. तिथे केबलवरून माहितीची ये-जा सतत चालू असते. थ्रीडी रेंडरिंगचं तसं नाही. दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत मावलं की मुख्य हिशेब आतच होतो आणि अरुंद वाट फारशी आड येत नाही. भेस्तान, पांडेसरा, उधना या सुरतच्या कापडपट्ट्यात साडीची सपाट डिझाइनं काढणाऱ्याला अशी बाहेरच्या कार्डाची पेटी घेण्याची गरज नाही. तोच पैसा रॅममध्ये घालावा. कापडाची थ्रीडी झलक दाखवणाऱ्याला मात्र ती उपयोगी पडेल. घेण्याआधी लॅपटॉपचा पोर्ट तपासा: यूएसबी-सीचा आकार दिसला म्हणजे आत पीसीआय एक्स्प्रेसची लेन असेलच असं नाही.