होडीच्या पाठीचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

होडीची गोष्ट सांगताना आपण शिडाचे नाव घेतो, सुकाणूचे घेतो, वल्ह्यांचे घेतो. मागच्या सपाट, उभ्या फळीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. इंग्रजीत तिला ट्रान्सम म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ आडवी तुळई. मी कवितेचा माणूस. शब्दाचा माग काढत वस्तूपर्यंत जायची मला खोड आहे. या शब्दाच्या मागे गेलो आणि सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तो मुख्यतः अमेरिकेत घडला.

पूर्वी पुष्कळ होड्यांना ही फळी नव्हतीच. नॉर्वेकडच्या होड्या दोन्ही टोकांना निमुळत्या असत. जिथे फळी होती तिथे तिचे काम दोनच : बाजूच्या फळ्यांची टोके धरून ठेवणे आणि सुकाणू पेलणे. मग यंत्र आले. डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास होडीच्या मागे अडकवायचे इंजिन चालवून पाहिले. पण ते घरोघरी नेले ओले एव्हिन्रूड यांनी. जन्म नॉर्वेतला, कारखाना मिलवॉकीत. १९०९ मध्ये त्यांचे दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलो वजनाचे इंजिन बाजारात आले. जाहिरातीची बाजू पत्नी बेस यांनी सांभाळली.

हे आऊटबोर्ड इंजिन फळीवर ठेवायचे आणि स्क्रूने आवळायचे. इतके सोपे. पण त्या दिवसापासून फळीचे नशीब पालटले. पंखा पाण्याखाली पुढे रेटतो, तेव्हा इंजिनाची बैठक फळीला खालून आत ढकलते आणि वरून मागे ओढते. शिवाय पंखा पाण्यात पोचावा म्हणून फळी मध्यभागी खाली कापावी लागे. छोट्या दांड्याच्या इंजिनासाठी ती जेमतेम १५ इंच उंच ठेवत. मागून आलेली लाट त्याच खाचेतून आत शिरे. म्हणून बांधणाऱ्यांनी खाचेच्या पुढे वेगळा हौद केला, आत आलेले पाणी परस्पर बाहेर जावे म्हणून.

पुढे लाकूड मागे पडले. ओहायोतील रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची छोटी होडी घडवली, आणि युद्धानंतर फायबरग्लासच्या बोटींचे पेव फुटले. फायबर कुजत नाही, पण पातळ थर वाकतो. म्हणून फळीच्या पोटात प्लायवूड घालून दोन्ही अंगांनी फायबर चढवत. लाकूड गेले असे वाटले, पण ते आत दडून बसले होते.

१९५९ मध्ये व्होल्व्हो पेन्टाचे ॲक्वामॅटिक आले. यात इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा भाग बाहेर. मधल्या फळीला मोठे भोक. पुढची काही दशके हजारो बोटी अशा भोकाच्या पाठीने हिंडल्या. दरम्यान आऊटबोर्ड सुधारत गेले. १९९६ साली अमेरिकेने त्यांच्या धुरावर कडक नियम घातले आणि शांत, कमी इंधन खाणारी फोर-स्ट्रोक इंजिने रुळली. जुन्या बोटींचे आतले इंजिन थकले होते, सांगाडा मात्र धडधाकट होता. मालकांनी विचार केला : आतले इंजिन काढू, भोक बुजवू, फळी वर वाढवू आणि तिच्या मागे एक पेटी बोल्टने जोडून तिच्यावर आऊटबोर्ड बसवू. या पेटीला पॉड म्हणतात.

युक्ती चांगली. आत जागा मिळते आणि फळी पूर्ण उंचीची राहिल्याने मागची लाट अडते. बंद पेटी स्वतःही तरंगते. पण हिशेब तरफेचा आहे. दोनशे किलोचे इंजिन पाऊण मीटर मागे नेले, की लाटेवरच्या प्रत्येक आदळीला ते फळीला उपटू पाहते. वजन मागे सरकल्याने बोटीची शेपूट पाण्यात बसू शकते. मग पाणी बाहेर जाण्याची भोके पाण्याखाली जातात आणि उलटे काम करू लागतात.

आणि फळीच्या पोटातले प्लायवूड? जुन्या स्क्रूंच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी मुरलेले असते. बाहेरून रंग चकचकीत, आत भुसा. जाणता कारागीर म्हणूनच आधी हातोडीने ठोकून ऐकतो. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आतून बारीक भोक पाडून भुगा ओला आहे का ते पाहतो. ओला असेल तर आतला थर कापून कुजके लाकूड सगळे काढतो, नवे सागरी प्लायवूड इपॉक्सीने बसवतो, तळाशी आणि बाजूंशी फायबरने बांधून घेतो. बोल्टची भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरतो आणि त्यातून पुन्हा योग्य मापाची पाडतो, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. आतून रुंद पट्ट्या लावून भार पसरवतो. पॉड येतो तो यानंतर.

दुरुस्ती हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, मरामत अरबीतून. दोन्ही आता अस्सल मराठी झाले आहेत. कोकणच्या बंदरांतही आज फायबरच्या होड्या आहेत, पाठीवर आऊटबोर्ड आहेत. फायबरचा सांगाडा मातीत मिसळत नाही. टाकायचा म्हटला तरी टाकायचा कुठे, हा प्रश्नच. म्हणून जुनी बोट मरामत करून वापरणे शहाणपणाचे. २०२० मध्ये एव्हिन्रूड नावाची इंजिने बनणे थांबले, त्यांच्या काळातल्या बोटी अजून पाण्यात आहेत. अशा बोटीत घरची माणसे बसवण्यापूर्वी इंजिन किती अश्वशक्तीचे, हे सगळेच विचारतात. पाठ ठोकून पाहिली का, हेही विचारावे.