जर्मनीत नोकरीसाठी अर्ज करताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. तेव्हापासून जर्मनीतील नोकरी हा विषय केवळ अभियंत्यांपुरता न राहता परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी कामगार यांच्या घरांतही चर्चिला जाऊ लागला. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, त्यामुळे हा परिचय अगदीच नवा नाही. त्याच वर्षी १ जूनपासून जर्मनीने ‘शांसेनकार्टे’ म्हणजे संधिपत्राची योजना सुरू केली. तिच्यात विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या उमेदवाराला वर्षभरापर्यंत तेथे राहून नोकरी शोधता येते. वाटा अशा रुंदावल्या असल्या तरी उमेदवारापूर्वी त्याचे कागद तेथे पोहोचतात, आणि ते कागद वाचण्याची तेथील रीत आपल्याहून बरीच निराळी आहे.

आपल्याकडे ‘अर्ज’ या शब्दातच विनंती आहे. ‘संधी दिल्यास आपला आभारी राहीन’ असे लिहिल्यावाचून अर्ज पुरा झाल्यासारखे वाटत नाही. जर्मन अर्ज मात्र पुराव्यांची संचिका असते. तिच्यात एक पानी पत्र, एक-दोन पानांची कोष्टकवजा जीवनरेखा म्हणजे ‘लेबेन्सलाऊफ’ आणि पदवी व अनुभवाची प्रमाणपत्रे असतात. पत्रात याच कंपनीत, याच जागेसाठी मी का, एवढ्याचेच उत्तर अपेक्षित असते. एकच पत्र नाव बदलून पन्नास ठिकाणी धाडले, तर ते पहिल्या चार ओळींत ओळखू येते. जीवनरेखेत महिना-वर्षांसह क्रम हवा. मध्ये सहा-आठ महिन्यांची पोकळी असेल तर ती झाकू नये. आजारपण, घरच्यांची शुश्रूषा किंवा भाषेचा अभ्यास असे कारण एका ओळीत द्यावे. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात यांना तेथे जागा नाही. समान वागणुकीचा कायदा ऑगस्ट २००६ मध्ये आल्यापासून छायाचित्राची सक्तीही करता येत नाही, तरी अनेक उमेदवार अजून ते लावतात. ‘वरील माहिती खरी आहे’ हे आपले प्रतिज्ञावाक्य गाळावे. पारंपरिक पद्धतीत शेवटी ठिकाण, तारीख आणि सही एवढेच येते.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ च्या ‘बियाँड कल्चर’ या ग्रंथात संस्कृतींचा एक भेद मांडला. काही समाजांत बोललेल्या शब्दांपेक्षा प्रसंग, नाते आणि स्वर यांतून अधिक अर्थ पोहोचतो, तर काहींत अर्थ जवळजवळ संपूर्णपणे शब्दांतच ठेवलेला असतो. जर्मन भाषक त्यांनी या दुसऱ्या गटात घातले होते. असे ठोकळे जपूनच वापरावेत, कारण हॅम्बुर्गमधील नवउद्योग आणि एखाद्या खेड्यातील तीन पिढ्यांचा कारखाना यांतही अंतर असतेच. तरीही मुलाखतीची तयारी करताना हा भेद उपयोगी पडतो. ‘हे काम तीन आठवड्यांत होईल का?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘बघू या’, ‘होऊन जाईल’ किंवा ‘प्रयत्न करतो’ असे उत्तर देतो आणि ऐकणारा मराठी माणूस त्याच्या स्वरावरून होकार की नकार हे ताडतो. समोरच्या जर्मन व्यवस्थापकाकडे ती किल्ली नसते. ‘तीन नव्हे, चार आठवडे लागतील, कारण चाचणीचा भाग मी पूर्वी केलेला नाही’ हे उत्तर आपल्या कानाला उद्धट वाटते. त्याला ते विश्वासार्ह वाटते. आपली आडवी मान डोलावण्याची सवयही दूरदृश्य मुलाखतीत घोटाळा करते. पडद्यापलीकडे ती ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ अशी दिसते. होकार असेल तर तो तोंडाने द्यावा.

‘प्रयत्न’ या शब्दाची गंमत तर वेगळीच. आपल्याकडे प्रयत्नांती परमेश्वर. जर्मन सेवाप्रमाणपत्रात मात्र ‘यांनी काम करण्याचा प्रयत्न केला’ असे वाक्य आले, तर त्याचा अर्थ त्यांना काम जमले नाही असा होतो. ‘आर्बाइट्सझोयग्निस’ नावाचा हा कागद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. नोकरी सोडताना लेखी प्रमाणपत्र मिळणे हा तेथे कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे आणि मागितल्यास त्यात कामाचे व वागणुकीचे मूल्यमापनही द्यावे लागते. ते खरे असले पाहिजे आणि त्याच वेळी सद्भावनेनेही लिहिलेले असले पाहिजे, अशी न्यायालयांची भूमिका आहे. या दुहेरी अटीतून एक श्रेणीभाषा तयार झाली. ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानानुसार’ कामे केली असे लिहिले तर उत्कृष्ट. ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानानुसार’ म्हणजे चांगला. यातला ‘नेहमीच’ गळाला की तो मधल्या श्रेणीत उतरतो, आणि नुसते ‘आमच्या समाधानानुसार’ उरले तर जेमतेम. पूर्णाचे पूर्णतम कसे होणार, असा आक्षेप व्याकरणप्रेमी घेतात. मनुष्यबळ विभागांना त्याची फिकीर नाही. छुप्या खुणा असलेला मजकूर कायद्याने निषिद्ध आहे, पण ही श्रेणी आता इतकी सर्वज्ञात झाली आहे की तिला छुपी म्हणणेही कठीण.

या सवयीच्या डोळ्यांनी आपले अनुभवपत्र वाचले की काय होते, हे ध्यानात घ्यावे. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे नोकरीस होते, भावी आयुष्यास शुभेच्छा’ असे तीन ओळींचे पत्र आपल्याकडे सर्रास दिले जाते. कामाच्या दर्जाविषयीचे मौन तेथे नापसंती समजले जाण्याचा संभव असतो. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वीच, शक्य झाल्यास, कोणती यंत्रे हाताळली, किती माणसांचे काम पाहिले, कोणता प्रकल्प पूर्ण केला, हे पत्रात मागून घ्यावे. न मिळाल्यास भारतात केवळ कालावधी व हुद्दा नोंदवण्याची प्रथा आहे, असे पत्रात एका वाक्यात सांगणे गैर नाही.

संबोधनाच्या बाबतीत मात्र मराठी उमेदवाराचे पारडे जड आहे. ‘झी’ आणि ‘डू’ हा भेद इंग्रजीतून आलेल्याला अडखळवतो, पण आपल्या घरातच तुम्ही आणि तू आहेत. फरक एवढाच, की आपण आईला आणि देवालाही तू म्हणतो, तर नोकरीच्या ठिकाणी ‘डू’ची परवानगी वरिष्ठाकडून यावी लागते. तोवर ‘झी’ आणि आडनाव. तरुण कंपन्यांत पहिल्या पत्रापासूनच ‘डू’ असते; त्यांच्या जाहिरातीतच ते दिसते. पत्र ज्या व्यक्तीला जाणार तिचे नाव जाहिरातीत नसेल, तर दूरध्वनी करून विचारण्यात काही गैर मानत नाहीत. नावाआधी डॉक्टर असेल तर ते विसरू नये. ‘आदरणीय सर’ मात्र टाळावे.

भाषाज्ञान सांगताना ‘उत्तम’, ‘बऱ्यापैकी’ ही विशेषणे निरुपयोगी ठरतात. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातील ए १ ते सी २ ही पातळी आणि परीक्षेची तारीख द्यावी. परिचारिकांच्या पात्रतेला मान्यता मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे बी २ लागते. वेतनाची अपेक्षा विचारली असेल तर वार्षिक ढोबळ रक्कम युरोमध्ये लिहावी. रुपयांतील सध्याच्या पगाराचे रूपांतर करून देऊ नये.

गुणांचाही उलगडा करावा लागतो. तेथे १ ही सर्वोच्च श्रेणी आणि ४ ही उत्तीर्णतेची सीमा. रूपांतरासाठी बहुधा सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणून एक मिळवायचा. शंभरपैकी सत्तर गुण आणि उत्तीर्णतेची सीमा चाळीस असेल तर उत्तर २.५ येते, आणि ते जर्मन कागदावर स्वल्पविराम देऊन २,५ असे लिहितात. मूळ टक्केवारी जशीच्या तशी ठेवून ही श्रेणी शेजारी द्यावी.

सर्वांत अधिक खोळंबा नावामुळे होतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पारपत्रावर वडिलांचे नाव उमेदवाराच्या नावाला जोडलेले, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत मधले नाव व आडनाव दोन्ही बदललेले. जर्मन कार्यालयाला या तीन कागदांवर तीन माणसे दिसू शकतात. अर्जात सर्वत्र पारपत्रावरील नाव त्याच अक्षरक्रमाने लिहावे, जन्मनावाच्या रकान्यात माहेरचे आडनाव द्यावे आणि नाव बदलल्याचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला भाषांतरासह सुरुवातीलाच जोडावा. ही कागदपत्रे गोळा करायला भाषेच्या पहिल्या वर्गात नाव घालतानाच लागावे, कारण नोंदणी कार्यालयातून दाखला हाती येईपर्यंत ए १ची परीक्षा कधीच होऊन गेलेली असते.